दाद नको, दखल घ्या

कोजागरीची रात्र. सोसायटीच्या गच्चीवर सतरंज्या अंथरलेल्या. एका कोपऱ्यात मोठ्या पातेल्यात दूध आटते आहे आणि दुसऱ्या कोपऱ्यात ध्वनिक्षेपकाची जुळवाजुळव चालली आहे. दूध तयार होईपर्यंत काव्यवाचनाचा कार्यक्रम ठरला आहे. निवृत्त बँक अधिकारी असलेले एक सद्गृहस्थ उठतात, खिशातून चौपदरी घडी घातलेला कागद काढतात आणि शिवरायांवरची स्वरचित कविता वाचू लागतात. कवितेत सह्याद्री आहे, भवानी तलवार आहे, सिंहाची गर्जना आहे, वादळ आहे, ज्वाला आहे. शेवटच्या ओळीला आवाज चढतो, टाळ्या पडतात. 'वा, छान!' असे चार-सहा उद्गार येतात. निवेदक 'अंगावर रोमांच उभे राहिले' असे सांगून पुढचे नाव पुकारतो. पुढे दूध येते आणि मंडळी पांगतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या श्रोत्यांपैकी एकालाही त्या कवितेतली एक ओळ आठवत नाही. कवीला मात्र त्या टाळ्या आठवत राहतात. त्या टाळ्यांच्या भरवशावर तो आणखी कविता लिहितो. वर्षा-दोन वर्षांत पदरमोड करून संग्रह काढतो, प्रकाशनाच्या दिवशी शाल-श्रीफळ होते आणि उरलेल्या प्रतींचे गठ्ठे घराच्या माळ्यावर जातात. कुणी ते वाचले की नाही, हे त्याला कधीच कळत नाही.

महाराष्ट्रातील कोणत्याही शहरात, कोणत्याही उपनगरात घडणारी ही गोष्ट आहे. हौशी कवीची टिंगल करण्याचा विषय मराठीत जुनाच आहे आणि त्यात आता नवे काही उरलेले नाही. प्रश्न त्या कवीचा नाहीच. पोटापाण्याचा उद्योग सांभाळून, संसार ओढून एखादा माणूस रात्री टेबलाशी बसतो आणि शब्दांशी झटतो, ही कौतुकाचीच गोष्ट आहे. प्रश्न आहे तो सतरंजीवर बसलेल्या श्रोत्यांचा. त्या गृहस्थांची त्या रात्री उपेक्षाच झाली. टाळ्यांच्या गजरात झाल्यामुळे ती कुणाच्या लक्षात आली नाही, एवढेच.

राजशेखराचे चार रसिक

कवीइतकाच त्याचा श्रोताही महत्त्वाचा आहे, हा विचार आपल्या परंपरेत फार पूर्वीपासून आहे. कनौजच्या दरबारी असलेला, नवव्या-दहाव्या शतकाच्या संधिकाळातला राजशेखर आपल्या 'काव्यमीमांसे'त प्रतिभेचे दोन प्रकार सांगतो. काव्य निर्माण करणारी ती कारयित्री आणि काव्याचा आस्वाद घेणारी ती भावयित्री. आपल्या पणज्याचा उल्लेख 'महाराष्ट्रचूडामणी' असा करणाऱ्या या पंडिताचे महाराष्ट्राशी नाते आहे, हेही येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. ऐकणाऱ्यालाही प्रतिभा लागते, असे तो मानतो. इतकेच नव्हे, तर हा भावक कवीचा स्वामी, मित्र, मंत्री, शिष्य आणि आचार्य अशा सर्व नात्यांनी उभा असतो, असे तो सांगतो.

पुढे तो या भावकांचे चार प्रकार करतो. पहिला अरोचकी. त्याला काहीच रुचत नाही. दुसरा सतृणाभ्यवहारी, म्हणजे धान्याबरोबर गवतही चघळणारा. पुढ्यात येईल ते सारखेच गोड मानणारा. तिसरा मत्सरी. दुसऱ्याचा गुण दिसला तरी तो त्याविषयी मौन पाळतो. चौथा तत्त्वाभिनिवेशी. तो शब्दांच्या रचनेत शिरतो, अर्थ शोधतो, कवीच्या श्रमाचे मोल जाणतो. असा भावक हजारांत एखादाच, असे राजशेखर खेदाने नमूद करतो.

या चार प्रकारांत आजच्या सभागृहांत कोण अधिक दिसतो, हे सांगायला पंडित लागत नाही. मत्सरी आणि अरोचकी हे प्रायः साहित्यिक वर्तुळांत आढळतात. सर्वसाधारण सुशिक्षित कुटुंबांत, संस्थांत आणि उत्सवांत गवतासकट चघळणाऱ्यांचाच भरणा असतो. हा माणूस दुष्ट नसतो. तो सज्जन, भिडस्त आणि थोडा घाईत असतो. 'छान आहे' म्हटले की आपले कर्तव्य संपले, असे त्याला मनापासून वाटते.

राजशेखराने कवीलाही एक उपदेश केला आहे. स्वतःच्या कृतीला फार मोठी मानू नये, कारण ममत्वामुळे गुण आणि दोष यांची अदलाबदल होते. म्हणून ती दुसऱ्यांकडून पारखून घ्यावी. करणाऱ्याला जे दिसत नाही, ते तटस्थाला दिसते. अकराशे वर्षांपूर्वीचा हा सल्ला आजही तंतोतंत लागू आहे. पण कवीने रचना पारखायला दिली आणि पारखणाऱ्याने ती न वाचताच 'वा' म्हणून परत केली, तर त्या सल्ल्याचे काय होणार?

नाशिकच्या गल्लीतील एक कवी

श्रोत्यांनी मनावर घेतले तर काय घडू शकते, याचे एक लखलखीत उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर नाशिकच्या तिळभांडेश्वर गल्लीत आबा दरेकर नावाचा एक तरुण राहत होता. पूर्ण नाव गोविंद त्र्यंबक दरेकर, जन्म १८७४ चा. पाय अधू, घरची गरिबी, शिक्षण जुजबी. पण शब्द त्याला वश होते. तो लावण्या रचीत असे आणि शौकिनांत त्यांना दादही मिळत असे. त्या दादेवर समाधान मानून आबा दरेकर तेथेच थांबले असते, तर त्यांचे नाव नाशिकबाहेर कुणाला कळले नसते.

त्याच गल्लीत सावरकर बंधू राहत होते. १९०० मध्ये तेथे 'मित्रमेळा' सुरू झाला. विनायक सावरकर तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे होते, आबा त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठे. मित्रमेळ्याच्या बैठकांत इतिहास वाचला जाई, वर्तमान राजकारणाची चर्चा होई, काव्य म्हटले जाई. या मंडळींनी आबांच्या लावणीला नाके मुरडली नाहीत आणि टाळ्या वाजवून त्यांना परतही पाठवले नाही. त्यांनी त्या रचनेतली शब्दकळा ओळखली आणि ही शब्दकळा याहून मोठ्या कामाची आहे, हे त्यांच्या मनावर ठसवले. आबांना त्यांनी आपल्यात बसवून घेतले. जे इतिहासाचे, देशभक्तीचे विचार त्या बैठकीत घोळवले जात, ते आबांच्याही मनात रुजले. लावणीकार आबांचा कवी गोविंद झाला, तो या संगतीत.

या घडणीतला एक तपशील विशेष महत्त्वाचा आहे. मित्रमेळ्याने गोविंदांची गाणी नुसती ऐकली नाहीत, तर गायली. गणेशोत्सवात, शिवजयंतीला मुलांचे मेळे ती पदे आणि पोवाडे म्हणू लागले. कविता गाणाऱ्याच्या कंठात जाते तेव्हा तिची खरी परीक्षा होते. कुठे शब्द अडतो, कुठे श्वास पुरत नाही, कोणत्या कडव्याला ऐकणाऱ्यांची मान वर होते आणि कोणत्या कडव्याला चुळबुळ सुरू होते, हे लपून राहत नाही. अशा रोजच्या परीक्षेचा लाभ फार थोड्या कवींना मिळतो.

पुढचा इतिहास ठाऊक असला तरी तो या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखा आहे. १९०८ मध्ये बाबाराव, म्हणजे गणेश दामोदर सावरकर यांनी 'लघु अभिनव भारत माला' ही छोटी पुस्तिका छापली. तीत कवी गोविंदांच्या कविता होत्या. १९०९ च्या जूनमध्ये बाबारावांना त्यापायी जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि त्यांची मालमत्ता जप्त करण्याचा आदेश निघाला. प्रकरण अपिलात मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्या. चंदावरकर यांच्यासारखा मराठी भाषा आणि पुराणे जाणणारा न्यायाधीश त्या पीठावर होता. देवादिकांची आणि शिवरायांची नावे घेऊन रचलेल्या या कविता वस्तुतः प्रस्थापित राज्यसत्तेविरुद्ध युद्धाला उद्युक्त करतात, असा अर्थ न्यायालयाने काढला आणि त्याच वर्षी शिक्षा कायम केली.

म्हणजे काय झाले? परकीय सरकारने काही पानांची एक काव्यपुस्तिका शब्द-न्-शब्द वाचली, भाषांतरित करून घेतली, तिच्यातल्या पौराणिक संदर्भांचा अर्थ लावला आणि तिच्या सामर्थ्याची नोंद घेतली. ती नोंद अन्यायाची होती, क्रूर होती. पण नोंद होती. आणि त्या कवितांवर ज्यांचे प्रेम होते, त्यांनी त्या छापण्याची किंमत अंदमानात मोजली. बाबारावांनी त्या लिहिल्या नव्हत्या. ते त्यांचे वाचक आणि प्रकाशक होते. वाचकाच्या प्रतिसादाला आयुष्याचे मोल असू शकते, याची याहून मोठी साक्ष मराठी साहित्याच्या इतिहासात क्वचितच मिळेल.

राज्यकर्त्यांनी शत्रुत्वाने का होईना, ज्या कवितेकडे इतके लक्ष दिले, तेवढे लक्ष आज मित्रत्वाने देणारे किती जण आहेत?

अंदमानात स्वातंत्र्यवीर सावरकरांना कागद-लेखणी मिळत नव्हती, तेव्हा त्यांनी कोठडीच्या भिंतीवर ओळी कोरल्या आणि मुखोद्गत केल्या. 'कमला' हे काव्य त्या काळातले. त्यांच्या कविता सहबंदीवानांनीही पाठ केल्या आणि सुटून जाताना त्या स्मरणात घेऊन गेले. या श्रोत्यांनी 'वा' म्हटले की नाही, याची इतिहासात नोंद नाही. त्यांनी कविता सांभाळली, एवढे मात्र निश्चित.

एकच वाचक, दोन प्रतिसाद

स्वातंत्र्यलढ्याचा काळ वेगळा होता, असे कुणी म्हणेल. म्हणून सर्वसामान्य साहित्यव्यवहारातले एक उदाहरण घ्यावे. १९२३ मध्ये पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश आदी मंडळी रविवारी जमत, एकमेकांच्या कविता वाचत, चर्चा करीत. मराठीत काव्यगायनाची आवड रुजवण्याचे मोठे श्रेय या मंडळाकडे जाते. पण जवळच्या माणसांच्या वर्तुळात एक धोका असतो. एकाच्या लकबी सर्वांच्या होतात आणि त्या लकबी म्हणजेच काव्य, असे वाटू लागते. १९२५ मध्ये केशवकुमार या नावाने प्र. के. अत्रे यांनी 'झेंडूची फुले' प्रसिद्ध केली आणि तत्कालीन कवितेतल्या अशा लकबींची विडंबने करून महाराष्ट्राला पोट धरून हसवले. विडंबन हाही एक प्रतिसादच होता. ज्याने कविता बारकाईने वाचली नाही, त्याला तिचे विडंबन करता येत नाही.

याच अत्रे यांच्यासमोर पुढे सोपानदेव चौधरी यांनी एक वही ठेवली. तीत त्यांच्या आईने घरकाम आणि शेतकाम करता करता रचलेल्या ओव्या होत्या. जळगावजवळच्या असोद्यात १८८० साली जन्मलेल्या, अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाईंची ही रचना. दळताना, कांडताना, शेतात राबताना ती सुचे आणि घरची मंडळी ऐकत. सोपानदेवांनी आणि घरच्या माणसांनी ती वेळोवेळी टिपून ठेवली, म्हणूनच ती वाऱ्यावर विरून गेली नाही. अत्र्यांनी ती वाचली आणि हे सोने महाराष्ट्रापासून दडवून ठेवणे अपराध ठरेल, असा आग्रह धरला. डिसेंबर १९५१ मध्ये बहिणाबाईंचे निधन झाले आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली.

ज्या वाचकाने विद्वान, पदवीधर, प्रतिष्ठित कवींच्या लकबींना हसून वाट दाखवली, तोच वाचक एका निरक्षर शेतकरी स्त्रीच्या ओव्यांपुढे नतमस्तक झाला. त्याने कवीची प्रतिष्ठा पाहिली नाही, कविता पाहिली. त्याच्या स्तुतीला वजन होते, कारण ती सर्वांना सरसकट वाटली जात नव्हती. जो प्रत्येकाला 'वा' म्हणतो, त्याचा 'वा' बहिणाबाईंच्या वहीपुढेही तेवढाच हलका पडला असता.

विषय थोर म्हणून कविता थोर?

हे सारे सांगितल्यावर आपल्याच अंगणात डोकावणे अपरिहार्य आहे. राष्ट्रीय विचारांच्या संस्थांत, उत्सवांत, स्मरणिकांत जे काव्य ऐकले आणि छापले जाते, त्याच्याशी श्रोत्यांचे वागणे कसे असते? विषय भारतमाता असला, शिवराय असले, सीमेवरचा जवान असला, की टाळ्या आधीच ठरलेल्या असतात. त्या टाळ्या विषयाला असतात. कवी मात्र समजतो की त्या कवितेला आहेत. 'इतक्या पवित्र विषयावर लिहिले आहे, त्यात उणे काय काढायचे?' असा एक संकोच सर्वांच्या मनात असतो. या संकोचापोटी छंद लंगडला तरी कुणी बोलत नाही, 'माता' आणि 'गाथा' यांचे शंभरावे यमक आले तरी कुणी हटकत नाही, आणि जी प्रतिमा चाळीस वर्षे प्रत्येक स्मरणिकेत छापून आली, तीच पुन्हा छापली जाते.

वस्तुतः विषय जितका थोर, तितकी कवीची जबाबदारी मोठी. देवघरात ठेवायची मूर्ती घडवणाऱ्याकडून अधिक नेटकेपणाची अपेक्षा असते. मूर्तीचे नाक वाकडे झाले, तर 'भाव महत्त्वाचा' म्हणून ती कुणी प्रतिष्ठापनेला घेत नाही. मग छत्रपतींवरील कवितेला वेगळा न्याय का? सुमार देशभक्तिगीताने देशभक्ती वाढत नाही. तरुण मुले ते ऐकतात, मनातल्या मनात हसतात आणि त्या हसण्यात विषयाविषयीचा आदरही थोडा झिजतो. हा तोटा टाळ्या वाजवणाऱ्यांच्या हिशेबात कधीच धरला जात नाही.

याच संघपरंपरेत याला एक उत्तम उतारा आहे, त्याची आठवण मात्र ठेवली जात नाही. शाखेत जे सांघिक गीत म्हटले जाते, त्याच्या कवीचे नाव बहुधा कुणी पुकारत नाही. पुष्कळ स्वयंसेवकांना ते ठाऊकही नसते. गीत टिकते ते कवीच्या नावावर नव्हे, शाल-श्रीफळावरही नव्हे. ते शंभर जणांच्या आवाजात बसले, पाठ झाले, शिबिर संपवून घरी गेलेला किशोर ते दुसऱ्या दिवशी गुणगुणत राहिला, तर टिकते. नाही तर कुणाचाही अपमान न होता निमूटपणे बाजूला पडते. काही गीते पिढ्यान्‌पिढ्या गायली जातात आणि काहींची आठवण एका वर्गापुरतीही उरत नाही. मित्रमेळ्यात जी परीक्षा कवी गोविंदांच्या पदांची झाली, तीच ही परीक्षा. ती निष्ठुर आहे, पण तीत मत्सर नाही आणि भीडही नाही. उत्सवी काव्यवाचनात हीच कसोटी का लावली जाऊ नये?

दुखावण्याचे भय

यावर एक आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हौशी माणूस आहे, त्याला काही ज्ञानपीठ नको आहे; चार घटका आनंद मिळतो, तर तो का हिरावून घ्यायचा? परखड बोलण्याने किती अंकुर करपले असतील! हे खरे आहे. पहिल्यांदाच कागद हातात घेऊन उभ्या राहिलेल्या मुलीला भर सभेत छंदाचा दोष दाखवणारा माणूस रसिक नव्हे. राजशेखराच्या यादीतला तो अरोचकी आहे आणि त्याचे स्थान गवत चघळणाऱ्याच्या शेजारीच आहे. दोघांनीही कविता ऐकलेली नसते. एकाने न ऐकता मान डोलावलेली असते, दुसऱ्याने न ऐकता नाक मुरडलेले असते.

पण दुखावणे आणि दखल घेणे यांत फरक आहे, आणि तो घरातल्या कोणत्याही वडीलधाऱ्या माणसाला समजावून द्यावा लागत नाही. पेटी शिकणाऱ्या नातवाचा सूर चुकला तर आजोबा त्याला हिणवत नाहीत आणि 'छान' म्हणून सोडूनही देत नाहीत. 'हा पुन्हा वाजव पाहू' असे म्हणतात. त्या 'पुन्हा' या शब्दात जेवढे प्रेम आहे, तेवढे टाळीत नाही. कारण पुन्हा ऐकायला वेळ द्यावा लागतो.

वेळ हाच या प्रश्नाचा गाभा आहे. 'वा, छान' म्हणायला दोन क्षण पुरतात. कविता दोनदा वाचून, तिच्यातली एक ओळ का भावली आणि एक शब्द का खटकला, हे कवीशेजारी बसून सांगायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास द्यायचा नसतो, म्हणून स्तुती दिली जाते. स्तुतीच्या आडून आपण स्वतःची सुटका करून घेत असतो, ही गोष्ट स्वतःशी तरी कबूल केली पाहिजे.

काय करता येईल?

यासाठी फार मोठी योजना लागत नाही. पाच-सात कुटुंबांनी महिन्यातून एकदा एका घरी जमावे. तेथे एकाच कवीच्या एक-दोनच कविता घ्याव्यात. कविता प्रथम कवीने वाचावी, मग दुसऱ्या कुणीतरी वाचावी. आपली ओळ दुसऱ्याच्या तोंडून अडखळताना ऐकली की कवीला जे उमजते, ते चार समीक्षकांनी सांगूनही उमजत नाही. नंतर प्रत्येकाने आपल्याला भावलेली ओळ सांगावी आणि ती का भावली, तेही सांगावे. त्यानंतर न समजलेला किंवा पोकळ वाटलेला शब्द दाखवावा. कवीने त्या वेळी समर्थन करू नये, ऐकून घ्यावे. शेवटी त्याच विषयावरची एखाद्या जुन्या, सिद्ध कवीची कविता सर्वांनी मिळून वाचावी. तुलनेसाठी नव्हे, तर कान तयार होण्यासाठी. ज्याच्या कानावर मोरोपंत, तुकोबा, केशवसुत आणि कुसुमाग्रज पडलेले नाहीत, त्याच्याकडून चांगल्या प्रतिसादाची अपेक्षा व्यर्थ आहे.

कोजागरीच्या त्या गच्चीवरही असा एखादा श्रोता असू शकला असता. दुधाचा पेला हातात घेऊन तो त्या निवृत्त गृहस्थांपाशी गेला असता आणि त्याने विचारले असते, "काका, तुमच्या कवितेत शिवरायांची तलवार आहे, पण तलवार तर सगळ्यांच्याच कवितेत असते. पुरंदरच्या तहात १६६५ मध्ये महाराजांना तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले. स्वतः जिंकलेल्या, स्वतः बांधलेल्या गडांच्या किल्ल्या सोपवताना त्या माणसाच्या मनात काय चालले असेल? त्यावर तुम्ही लिहाल का? आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांच्या ठेवी सांभाळल्यात. हातची ठेव सोडताना काय वाटते, हे तुमच्याइतके कुणाला कळणार?"

हा प्रश्न ऐकून ते गृहस्थ क्षणभर गोंधळले असते. कदाचित थोडे खट्टूही झाले असते. पण त्या रात्री घरी जाऊन त्यांनी कागद पुन्हा उघडला असता. आपली कविता कुणीतरी खरोखर ऐकली, हे आयुष्यात प्रथमच त्यांच्या ध्यानात आले असते. पुढची कविता कदाचित चांगली झाली असती, कदाचित नसतीही झाली. प्रतिभा कुणी कुणाला देऊ शकत नाही. मित्रमेळ्यानेही ती आबा दरेकरांना दिली नव्हती. ती त्यांच्यापाशी होतीच. मित्रमेळ्याने तिला वाट दिली आणि श्रोते दिले.

कवी गोविंद १९२६ मध्ये निवर्तले. मृत्यूकडे मंगल दृष्टीने पाहणारी त्यांची 'सुंदर मी होणार' ही कविता मराठी मनात इतकी रुजली की पुढे पु. ल. देशपांडे यांनी आपल्या नाटकाला तेच नाव दिले. तिळभांडेश्वर गल्लीत लावण्या रचणाऱ्या त्या अधू तरुणाला त्याच्या पहिल्या श्रोत्यांनी केवळ टाळ्या वाजवून घरी पाठवले असते, तर हे काहीच घडले नसते. आज कोणत्या गल्लीत, कोणत्या गच्चीवर, कोणत्या स्वयंपाकघरात असा कुणी गुणगुणतो आहे, हे ठाऊक नाही. म्हणून पुढच्या वेळी कुणी भीत भीत कागदाची घडी उलगडील, तेव्हा टाळीसाठी हात उचलण्याआधी त्याला एवढेच म्हणावे, "पुन्हा एकदा वाचा."